चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर

डॉक्टर सांगतात, मी लिहिते.
चौऱ्याहत्तर – किडलेला.
पंच्याहत्तर – किडलेला, पार मुळापर्यंत.
चौऱ्याऐंशी – नाहीच आता.
दुधाच्या दातांनाही नंबर असतात,
गल्लीतल्या वीजमीटरांना असतात तसे.

तांडापेठेतली शाळा, महापालिकेची.
खिचडीच्या खोलीत बाकं ओढून आमचं शिबिर.
ट्रेमध्ये आरसे, डेटॉलचा वास,
दारात रांग एकमेकांच्या पाठीत कोपर खुपसत –
"काऊन बे, तुयाच पयले पाडतीन!"

चांदणी निमजे, वय सहा.
तोंड उघडलं, तर पुढचे चार
तूर कापल्यावर वावरात राहतात
तसे खुंट.
डॉक्टर नवीन आहेत, मायाळू आहेत.
विचारतात, "गोड खातेस का गं, बाळा?"
चांदणी माझ्याकडे बघते.
प्रश्न इतका सोपा
की तिला संशय येतो.

फॉर्मवर दोन चौकोन: होय, नाही.
मी होयवर खूण करते.

जे चौकोनात मावलं नाही:
तिची माय घरी संत्रागोळ्यांना कागद गुंडाळते,
किलोच्या हिशेबानं.
फुटकी गोळी मालक परत घेत नाही,
मजुरीत धरतो.
लहाना रडला, की गोळी.
नळ येतो रात्री दोनला, माय गुंड भरायला उठते,
तेव्हा लेकरं मागं येऊ नयेत म्हणून
अंधारातच तिघांच्या तोंडात एकेक गोळी.
सकाळी काळा चहा, पाच रुपयांचा बिस्किटपुडा.
ब्रश एकच. त्याचे केस
कधीच दोन्हीकडं आडवे झालेत.
यंदा संत्रं खाल्लंस का,
याला चौकोन नाही.

काल आम्ही रामदासपेठेत होतो.
तिथं एका पोरानं डॉक्टरांनाच विचारलं,
तुमच्या पेस्टमध्ये फ्लोराईड किती?
दोन वर्ग मिळून किडलेले दात सात,
त्यातले सहा भरून घेतलेले, गुळगुळीत.
त्यांच्याही डब्यात चॉकलेट होतं, मी पाहिलं.
गोड खातोस का –
तिथंही मी होयवरच खुणा करत होते
सकाळभर.

चांदणीची माय आली, बोटांना साखर चिकटलेली.
डॉक्टर म्हणाल्या, "ताई, रात्री घासून घ्या,
मधल्या वेळी फळ द्या,
आणि डेंटल कॉलेजला आणा, मेडिकल चौकात.
पैसे लागत नाहीत तिथं."
"हो जी," ती म्हणाली.
पैसे लागत नाहीत म्हणजे ऑटोचे जाता-येता,
दिवसभराची रांग, लहान्याला शेजारी ठेवणं,
आणि सहा किलो गोळ्या बिनकागदाच्या.
तिच्या कपाळावर ही बेरीज चाललेली
डॉक्टरांना दिसली नाही. मला दिसली.
मी याच बाजूची आहे, दोन गल्ल्या सोडून.

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
आणि दात देऊन?
डॉक्टरांना विचारावंसं वाटलं.
त्या हातमोजे बदलत होत्या.
पुढचं नाव मी मोठ्यानं वाचलं.

निघताना चांदणी टेबलाशी आली,
मुठीतून एक गोळी काढून ठेवली,
केशरी कागद, दोन्ही टोकांना नीट पीळ.
तोंडावर हात धरून म्हणाली,
"मॅडम, ही फुटकी नाय.
अख्खी हाय."

हसताना तोंडावर हात धरायची सवय
मला सातवीत लागली होती.
हिला पहिलीतच लागली.

रात्री घरी एकेक आकडा भरत बसले.
चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर.
पत्त्यापाशी आले, की थोडी थांबायची;
त्या रकान्याशी दातांचा हिशेब जोडायला
कुणी सांगितलेलं नव्हतं.
मग कागद सोडवून गोळी तोंडात टाकली,
उजवीकडं.
डावीकडं मी एकतीस वर्षांत
काही चावलेलं नाही.